ताटावरून माणसाची परीक्षा

जेवणातल्या आवडीनिवडीला धर्माचे वस्त्र नेसविण्याची आपल्या समाजाला मोठी हौस आहे. 'असले आमच्या घरात चालत नाही' असे म्हणून शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडणारा गृहस्थ धर्माची साक्ष काढीत असतो. प्रत्यक्षात ती असते त्याच्या लहानपणच्या पंगतीची.

उपवासाच्या ताटाचीच उलटतपासणी करू. साबुदाणा आज ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची ही चौकडी मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज गलबते ह्या किनाऱ्याला लागली त्यापूर्वी त्यांतले एकही येथे नव्हते. स्मृतिकारांना त्यांची नावेसुद्धा ठाऊक असणे शक्य नाही. तरी गहू-तांदूळ ही येथली पुरातन धान्ये एकादशीला वर्ज्य, आणि हे परदेशस्थ पाहुणे मात्र पवित्र! (खिचडी मलाही प्रिय आहे, तक्रार तिच्याविरुद्ध नाही.)

मिरचीची गोडी कशी लागते ह्याविषयी रोझिन आणि शिलर ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली मेक्सिकोतील एका खेड्याच्या आधारे लिहिले आहे. तेथे मुलांच्या तोंडात मिरची कोणी बळेच कोंबीत नाही. वडीलधारी माणसे ती चवीने खातात हे रोज पाहता पाहता मूल आपण होऊन ती घेऊ लागते. किळसही अशीच शिकली जाते. रविवारी ज्या बांगड्याच्या हुमणावर आपण ताव मारतो, त्याचा वाससुद्धा सोमवारी शिवराक घरात खपत नाही. एका रात्रीत मासळी बदललेली नसते, वार बदललेला असतो.

ही निव्वळ गमतीची गोष्ट असती तर लेखणी उचलली नसती. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने गोव्यातील नवख्रिस्ती घरांना ज्या गोष्टींची मनाई केली, त्यांत हिंदूंच्या रीतीने बिनमिठाचा भात शिजविणे ही एक होती. चिमूटभर मिठावरून माणसाची निष्ठा तोलणाऱ्या त्या सत्तेला आपण जुलमी म्हणतो, आणि ते रास्तच आहे. मग भाड्याने घर मागावयास आलेल्या कुटुंबाला 'तुम्ही खाता काय?' हा पहिला प्रश्न विचारून दारातूनच परत पाठविणारे आपल्यातले सज्जन कोणत्या तोंडाने तिला नावे ठेवतात?

देवळाच्या स्वयंपाकघराचे नियम देवळात अवश्य पाळावेत. तेथे आपण स्वेच्छेने पानावर बसतो. शेजाऱ्याची चूल मात्र आपल्या अधिकारक्षेत्राबाहेरची आहे. पूर्वजांच्या शुद्ध ताटाचा दाखला देऊन ह्यावर वाद घालू इच्छिणाऱ्यांनी येत्या एकादशीस आधी साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे व मिरची बाजूला काढून ठेवावी, आणि मग बोलावयास यावे.