तापीच्या मागोमाग समुद्रापर्यंत: नव्या जोडप्यांना आवाहन

शहादा तालुक्यात यंदा ज्यांची लग्नं ठरली आहेत, त्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे. मंगल कार्यालय ठरतं, आचारी ठरतो, बस्त्यासाठी सुरतेच्या फेऱ्या होतात, वाजंत्रीवाल्यांची बोलणी होतात. हनिमूनचं मात्र शेवटच्या आठवड्यात नवऱ्याचे मित्र ठरवून टाकतात: गोवा कर, गाडी काढ आणि सुट. आपण कुठे जाणार हे नवरीला हळदीच्या दिवशी नणंदेकडून कळतं. माझी पहिली विनंती हीच, की असं होऊ देऊ नका. साखरपुडा ते लग्न या काळात तुम्ही रोज फोनवर बोलताच. त्यातल्या दोन संध्याकाळी यासाठी द्या. तिला समुद्र बघायचा आहे की डोंगर, ती मासे खाते की घरात माळकरी वातावरण आहे, तिला गाडी लागते का, हे तिलाच विचारा. लग्नानंतर दोघांनी मिळून घेतलेला हा पहिला निर्णय असतो, तो मित्रांच्या हाती देण्यासारखा नाही.

आता अंतराचं बोलू. शहाद्याहून गोवा हजार किलोमीटरच्या घरात आहे. लग्नाच्या आठवड्यात नवऱ्याची झोप झालेली नसते. मांडव, हळद, वरात, मग देवदर्शन, सत्यनारायण, जागरण-गोंधळ. पाय सुजलेले, डोळे चुरचुरणारे. अशा अंगाने रात्री दहाला स्टेअरिंग धरून पहाटेपर्यंत पुणं गाठायचं, हा बेत ऐकला की माझा जीव दडपतो. लग्नानंतर निदान दोन दिवस घरी नुसते झोपा आणि मग निघा. निघाल्यावर दिवसाला दोनशे किलोमीटरच्या वर गाडी चालवायची नाही, आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं, एवढं आधीच ठरवून टाका.

या हिशोबात बसणारा समुद्र आपल्याला आहे, आणि तो जवळ आहे. आपली तापीच तिकडे जाते. प्रकाशाला गोमाई तिला मिळते, संगमावर आपण लहानपणापासून जातो. पुढे तिचं पाणी उकाईच्या धरणात साठतं, मग सुरत, आणि हजिरा-डुमसजवळ समुद्र. गाडीचा रस्ताही जवळपास तोच: प्रकाशा, नंदुरबार, विसरवाडी, नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली, सुरत. साधारण दोनशे किलोमीटर, म्हणजे पहिल्या दिवसाचं काम झालं. वाटेत नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर पाच मिनिटं थांबायला हरकत नाही; त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत आहे.

सुरतेबद्दल एक स्पष्ट सांगतो. उधना-लिंबायतकडे आपल्या खानदेशी माणसांची घरंच्या घरं आहेत, आणि तुमचे काका-मामा तिथे असणारच. त्यांना कळलं की जेवायला बोलावतील, मग राहायला, मग दुसऱ्या मामांकडे. प्रेमापोटीच ते, पण सहलीचे दोन दिवस त्यात जातात. त्यांना आधीच फोन करून सांगा की दिवाळीत जोडीने येऊ, आणि तुम्ही हॉटेलातच उतरा.

दुसऱ्या दिवशी नवसारीजवळ दांडी. गांधीजींनी ६ एप्रिल १९३० ला मीठ उचललं ते गाव. आता तिथे सत्याग्रहाचं मोठं स्मारक आहे. पुढे वलसाडचं तिथल, मग उदवाडा. उदवाड्याच्या इराणशाह अग्निमंदिरात पारशांखेरीज कुणाला प्रवेश नाही, तेव्हा दाराशी हुज्जत न घालता गल्लीतली जुनी लाकडी घरं बघून पुढे निघा. मुक्काम दमणला. पोर्तुगीजांचं राज्य इथे डिसेंबर १९६१ पर्यंत होतं. मोटी दमणच्या तटावर संध्याकाळी फिरायला फार छान वाटतं. पण दमणमध्ये दारू मोकळी आहे आणि समुद्र सोडून तिन्ही बाजूंना दारूबंदीचा गुजरात आहे. स्वस्त मिळते म्हणून डिकीत दोन बाटल्या टाकल्या, तर पुढच्या नाक्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. नव्या सुनेने पहिल्या आठवड्यात पोलीस चौकी बघावी असं कुणाला वाटेल? आणि ज्याला गाडी चालवायची त्याने प्यायची नाही, हेही सांगून ठेवतो.

तिसरा आणि चौथा दिवस बोर्डीला द्या. उंबरगाव ओलांडून झाई-बोर्डीत शिरलं की पुन्हा महाराष्ट्र लागतो, पालघर जिल्हा. किनाऱ्याला सुरूची रांग, मागे चिकूच्या वाड्या. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. इथल्या कित्येक वाड्या इराणी-पारशी कुटुंबांच्या, आणि काही घरांत राहायची-जेवायची सोय होते. उन्हाळ्यात रस्त्याकडेला आदिवासी बायका ताडगोळे सोलून देतात, जरूर खा. डहाणू इथून सतरा-अठरा किलोमीटर. तिथे गंजाडला जिव्या सोमा म्हशे राहत. वारली चित्रांना जगभर नेणारा हा माणूस, २०११ चा पद्मश्री. आपल्याकडच्या पिठोरा चित्रांशी ती ताडून बघा. दोघांना बोलायला एक विषय होईल. नवी ओळख असते, नुसत्या फोटोंवर दिवस निघत नाही.

बोर्डीचा किनारा फार उथळ आहे. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की समोर नुसता चिखल दिसतो, आणि समुद्र बघायला आलेली माणसं हिरमुसून परत फिरतात. म्हणून भरतीची वेळ काढायला शिकून घ्या, घरातलं कॅलेंडर पुरतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. सव्वासहा तासांनी ओहोटी. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. समजा आखाजीला लग्न झालं आणि सहा दिवसांनी नवमीला बोर्डीत आहात: नऊ पाऊण पावणेसात, म्हणजे सूर्य कलताना पाणी वर आलेलं असेल. हा हिशोब मुंबईकडचा, डहाणू-दमणला भरती थोडी उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाण्यापासून लांब राहा. शिवाय पाण्यात उतरण्याआधी तिथल्या कोळ्याला विचारा. आपण तापीत पोहलो असलो तरी समुद्राची ओढ वेगळी. आणि गाडी वाळूवर उतरवू नका. चाक रुततं, भरती थांबत नाही.

डहाणूहून चिंचणी, तारापूर करत केळव्याला या. शितलादेवीचं देऊळ, सुरूबन, वाळूत अर्धा रुतलेला छोटा किल्ला. शनिवार-रविवारी इथे मुंबईची गर्दी लोटते, म्हणून शहाद्याहून रविवारी निघा, म्हणजे केळव्याला गुरुवार येतो. मांसाहार करणाऱ्यांनी जवळच्या सातपाटीचं पापलेट चुकवू नये. शाकाहारी जोडप्याने खोली घेतानाच वेगळं शिजवतात का ते विचारून घ्यावं. आपल्या गुजर घरांतल्या मुलींना याचा त्रास होतो आणि त्या बोलत नाहीत.

केळव्याच्या पुढे वैतरणेची खाडी आडवी येते. किनाऱ्याने सरळ रस्ता नाही. एक तर महामार्गाला वळा, नाहीतर सफाळ्याजवळच्या जलसारहून विरारला जाणारी रो-रो बोट घ्या. ही सेवा २०२५ मध्ये सुरू झाली; वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. ज्यांना जुन्या वास्तू आवडतात त्यांनी वसईचा किल्ला बघावा, चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला.

महामार्गावर पट्टा लावायचा, पुढे बसलात तरी आणि मागे बसलात तरी. याच रस्त्यावर, चारोटीला सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२ ला उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी धडकली. ते उदवाड्याहूनच परतत होते. मागच्या सीटवरचे दोघं गेले, आणि त्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडी महागडी होती, दिवसाउजेडी प्रवास होता. साडीवर चुरगळ पडते म्हणून, मेंदी लागते म्हणून पट्टा टाळू नका. प्रवासात सरळ पंजाबी ड्रेस घाला. आणि मोटारसायकलवर ही सहल करायची असेल तर माझं ऐका, करू नका. सुरत-मुंबई महामार्गावर ट्रकची रांग तुटत नाही. गाडी नसेल तर नंदुरबारहून रेल्वेने सुरत, तिथून डहाणू, आणि डहाणूपासून चर्चगेटपर्यंत लोकल आहे. कमी पैशांत तोच किनारा दिसतो.

मुंबईत शिरल्यावर गाडी हॉटेलात लावा आणि विसरा. दोन दिवस लोकल, टॅक्सी, बेस्टची बस. सकाळी आठ ते अकरा लोकलच्या वाटेला जाऊ नका, नवखा माणूस चेंगरतो. गर्दीत चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा, दोघांच्या पर्समध्ये थोडी रोकड वेगवेगळी ठेवा. दागिने घरीच, गळ्यात मंगळसूत्र पुरे.

कागदांचं: दोघांची आधार कार्डं, गाडीचा विमा आणि पीयूसी, लायसन्स. काकांची गाडी नेत असाल तर विम्याची मुदत स्वतः बघा. तिच्या आधारवर माहेरचं नाव असलं तरी ते चालतं, घाईने बदलायची गरज नाही. लग्नाची नोंद नव्वद दिवसांच्या आत करायची असते, ती परतल्यावर लगेच करा. आणि मुलांनो, तारखा पक्क्या करण्याआधी तिच्या पाळीची तारीख विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या डॉक्टरला न विचारता, मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून घेऊ देऊ नका. मूल कधी हवं हेही निघण्याआधी बोला. ग्रामीण रुग्णालयात त्याचा सल्ला फुकट मिळतो.

घरच्या मोठ्यांना एक हात जोडून सांगणं आहे. सोबतीला म्हणून धाकट्या दिराला किंवा नणंदेला पाठवू नका. रोज रात्री एक फोन पुरे. आणि कुलदेवीचं दर्शन राहिलं म्हणून कुरकुर असेल, तर ते येताना होतं. मुंबईहून नाशिकला एक मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी वणीचा सप्तशृंगी गड आणि तिथेच दुसरा मुक्काम. पायऱ्या नको असतील तर तिथे आता ट्रॉली आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी निघालात की गडावरून कळवण, सटाणा, ताहाराबाद, पिंपळनेर, साक्री, नंदुरबार असा रस्ता थेट आपल्याकडे येतो. साक्रीला चहाला थांबलात की आईला फोन करून सांगा, रात्री घरीच जेवतो, कळण्याची भाकरी आणि ठेचा करून ठेव.