ट्रंकेतले पाकीट

आमच्या मराठवाड्यात महालक्ष्म्या यायच्या म्हणजे आधी घराची झाडझूड. त्या झाडझुडीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या पत्नीला ट्रंकेच्या तळाशी, अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली, बँकेचे पाकीट सापडले. न फोडलेले! संध्याकाळी दोघे ते घेऊन कंधारातल्या आमच्या घरी आले.

“सर, तुम्हीच वाचा.”

वर्गात पहिला येणारा हा मुलगा. नोकरी सुटली, आईचे आजारपण निघाले, घरकर्जाचे हप्ते राहिले. ९० दिवसांहून अधिक थकले की बँक खाते थकीत धरते आणि २००२ च्या कायद्यानुसार ६० दिवसांची नोटीस धाडते. तेवढ्यात रक्कम भरली नाही, तर कोर्टात दावा न लावता ती घराचा ताबा घेऊन लिलाव करू शकते. मी तारीख पाहिली. ३८ दिवस ट्रंकेत गेले होते.

“अरे, फोडले का नाहीस?”

“आईला कळेल म्हणून.”

वाचकहो, १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. पुढे १८७९ साली कायदा झाला आणि कर्जाचा मुळापासूनचा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. २००८ च्या सुमारास अमेरिकेत लाखो कुटुंबांची घरे अशीच कर्जापायी गेली. कर्ज सगळीकडे सारखेच. पण त्या शेतकऱ्यांनी कागद चारचौघांत, चव्हाट्यावर जाळले. आम्ही पांढरपेशे तो ट्रंकेत लपवतो.

आमच्या कंधारच्या किल्ल्याभोवती खंदक आहे, तसा आम्ही घराभोवती अब्रूचा खणतो. बँकेची नोटीस तो सहज ओलांडून येते; मदतीला येणारा शेजारी मात्र पलीकडेच राहतो.

मी वीस वर्षे मराठी शिकवली. रस शिकवले, अलंकार शिकवले. आलेला कागद न घाबरता वाचायला मात्र कोणाला शिकवले नाही! त्या रात्री आम्ही तिघांनी नोटीस ओळ न् ओळ वाचली. तिच्यावर लेखी हरकत घेता येते आणि ती मान्य नसेल तर बँकेला १५ दिवसांत कारणे कळवावी लागतात. पुढे ताबा घेतलाच, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. आकारलेल्या व्याजाचा हिशेब मागणारी हरकत लिहिली, हप्ते लांबवून मागितले आणि सकाळी बँकेत देऊन पोच घेतली.

चौदाव्या दिवशी उत्तर आले: हिशेब बरोबर आहे, हप्त्यांबद्दल समक्ष भेटा. घर वाचले असे अजून म्हणवत नाही. पण या खेपेस पाकीट त्याने दारातच फोडले आणि मोठ्याने वाचून दाखवले. आईला.

ती म्हणाली, “एवढंच ना? माझ्या पाटल्या आहेत की!”