मूठभर धने

दिवाळी तोंडावर आली, की लोकांच्या मनात काय चालले आहे हे ओळखण्याची पूर्वी एक सोपी युक्ती होती. वाण्याच्या दुकानापुढे पंधरा मिनिटे उभे राहायचे. कोण रवा किती घेतो, कोण गेल्या वर्षीपेक्षा साखर कमी बांधायला सांगतो, आणि उधारीची वही पुढे सरकवताना कोणाचा आवाज बारीक होतो, एवढे पाहिले की आळीतल्या दहा घरांची दिवाळी कळे.

आता ती सोय राहिली नाही. सामान घरपोच येते आणि मनातले प्रश्न माणसे मोबाइलला विचारतात. पण जी विद्या वाण्याच्या फळीवरून उठली, ती दुसरीकडे जाऊन बसली आहे, असे मला अलीकडे आढळले. लोक कोणता शब्द कधी आणि कोठे शोधतात याचा आलेख गूगल कंपनी 2006 सालापासून कोणालाही फुकट पाहू देते. त्यात आकडा शून्य ते शंभर एवढाच असतो. शंभर म्हणजे शंभर माणसे नव्हेत. निवडलेल्या काळात त्या शब्दाचा जोर ज्या दिवशी सर्वांत अधिक, तो दिवस शंभर, आणि बाकीचे दिवस त्याच्या प्रमाणात. ‘रांगोळी’ हा शब्द घालून पाहा. वर्षभर रेघ जमिनीवर निजलेली असते आणि दिवाळी आली की राजगडाच्या बालेकिल्ल्यासारखी उभी चढते. शेजारी देशाचा नकाशा असतो. जेथे विचारणा जास्त ते राज्य गडद, जेथे कमी ते फिके.

मला या नकाशाचा नादच लागला. मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे शब्दांच्या मागे लागणे हा आमचा धंदाच आहे. रात्री जेवणे झाली की मी आपला देशाच्या मनात डोकावत बसे. “अहो, देशाचे मन नंतर पाहा. आपला माळा झाडायचा राहिला आहे,” असे सौ. म्हणाली, तेही मला ऐकू आले नाही.

नकाशात मला आमचा मुलूख हवा होता. मी राहतो बोईसरला आणि शिकवतो पालघरला. मध्ये उमरोळीचे एक स्टेशन. पालघर जिल्हा तसा वयाने लहान. 1 ऑगस्ट 2014 रोजी तो ठाण्यातून वेगळा निघाला. एका टोकाला वसई-विरारची गर्दी, दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाड्याचे डोंगर, आणि किनाऱ्याच्या बाजूला तारापूर, जेथे 1969 पासून अणुवीज तयार होते. असा हा नमुनेदार जिल्हा. पण मी घातलेल्या शब्दांना त्या नकाशात तो बहुधा कोराच निघे. विचारणारे फार थोडे असले, की यंत्र ते जमेस धरत नाही.

तेव्हा मी माझाच एक नकाशा काढायचे ठरवले. सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या तासाला मुलांना सांगितले, “दिवाळीसंबंधी तुम्ही मोबाइलला शेवटचा कोणता प्रश्न विचारलात, तो चिठ्ठीवर लिहा. नाव घालू नका.” निबंध लिहा म्हटले की ज्यांची पेने वाळतात, त्यांनी दोन मिनिटांत चिठ्ठ्या दिल्या.

घरी येऊन त्या वाचू लागलो. लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त किती वाजता, सोन्याचा आजचा भाव काय, हे मी धरूनच चाललो होतो. पण मग एक चिठ्ठी आली, ‘कंत्राटी कामगाराला बोनस मिळतो का?’ हा मुलगा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतला असणार. बोनसचा कायदा 1965 साली झाला आणि आज किमान बोनस वेतनाच्या 8.33 टक्के, म्हणजे वर्षामागे सुमारे एका महिन्याचा पगार, हे पुस्तकात आहे. वडिलांच्या हातात तो पडतो की नाही हे वडिलांना विचारण्याचे मुलाला धैर्य झाले नाही; त्याने मोबाइलला विचारले. दुसऱ्या एका चिठ्ठीवर ‘गोरखपूर वेटिंग 84, कन्फर्म होईल का?’ एवढेच होते. बोईसरच्या चाळींतून उत्तरेकडची कितीतरी कुटुंबे आहेत; दिवाळीमागून सहाव्या दिवशी येणाऱ्या छठपूजेला त्यांचा जीव गावाकडे ओढ घेतो. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते. पण दिवस बदलले म्हणून गाडीतल्या जागा वाढत नाहीत. तिसऱ्या चिठ्ठीत, ‘दिवाळीला घरी जावेसे वाटत नाही, काय करावे?’ ती चिठ्ठी मी दोनदा वाचली आणि घडी करून बाजूला ठेवली.

एक चिठ्ठी मात्र कोरी होती. ती कोणाची हे मला ठाऊक होते. जव्हारकडची एक मुलगी शेवटच्या बाकावर बसते, तिने ती देताना मान खाली घातली होती. दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात भेटली. मी विचारले, “तुला काहीच प्रश्न पडला नाही का?”

ती म्हणाली, “सर, आमच्याकडे वाघबारस असते. ती कशी करायची हे विचारावे नाही लागत. आजी करते.”

आपण ज्या दिवशी गायवासराची वसुबारस करतो, त्याच द्वादशीला आमच्या जिल्ह्यातले आदिवासी वाघदेवाला पुजतात. ज्या रानात गुरे चारायची, त्या रानाच्या धन्याशी वैर नको, हा त्यातला साधा व्यवहार. नवे भात घरात येण्याचा हा हंगाम. काकडीचा कीस तांदळाच्या पिठात कालवून पानात उकडतात, करांदे शिजतात, तारपा वाजतो. नकाशावर यातले काही उमटत नाही. त्याचे कारण त्या पोरीने मला एका वाक्यात सांगितले होते. ज्याची आजी चुलीपाशी आहे, त्याला शोधावे लागत नाही.

मग बाकीच्या चिठ्ठ्या मी त्या दृष्टीने पुन्हा चाळल्या. प्रत्येक प्रश्नामागे कोणीतरी एक माणूस उणे होते. ज्याला विचारायचे तो दूर गावी होता, किंवा त्याला विचारण्याची लाज वाटत होती, किंवा तो या जगातच नव्हता.

हे कारण यंत्राला मोजता येत नाही. गूगलने 2008 साली लोकांच्या शोधांवरून अमेरिकेतल्या फ्लूच्या साथीचा अंदाज बांधायला सुरुवात केली. 2012-13 च्या हिवाळ्यात तो अंदाज खऱ्यापेक्षा जवळजवळ दुप्पट निघाला. बातम्या वाचून घाबरलेली धडधाकट माणसेही तापाची लक्षणे विचारत होती, असे त्याचे एक कारण सांगितले गेले. 2015 साली ते प्रकाशन थांबले. प्रश्न मोजले गेले होते. तो ताप आलेल्याने विचारला की धास्ती घेतलेल्याने, हे कळले नव्हते.

आणि तरीही, जवळच्या माणसाला प्रश्नावरून माणूस ओळखता येतो. 2006 साली एओएल नावाच्या अमेरिकन कंपनीने साडेसहा लाख ग्राहकांचे शोध, नावे काढून नुसते क्रमांक घालून, संशोधनासाठी उघडे केले. काही दिवसांत वार्ताहरांनी त्यातल्या एका क्रमांकाचे दार शोधून काढले. आत एक वृद्ध बाई निघाली. तिचे प्रश्नच तिचे नाव सांगत होते.

हे मी वाचले होते, पण त्याचा खरा अर्थ कळला तो माझ्याच घरात. परवा सौ.ने टॅब माझ्यापुढे ठेवला. आमच्या घरात तो सर्वांचा मिळून एकच. शोधाच्या चौकटीला बोट लावले की मागचे प्रश्न खाली उलगडतात. त्यात दोन ओळी होत्या:

‘वर्षाच्या आत दिवाळीला घरी तळण करावे का’

‘चकलीच्या भाजणीत मूठभर धने म्हणजे किती’

नाव कोठेच नव्हते. पण माझी आई गेल्या मार्गशीर्षात गेली, आणि तिच्या पाककृतींच्या वहीत भाजणीपुढे ‘धने मूठभर’ असे लिहिले आहे, हे त्या यंत्राला ठाऊक नसले तरी आम्हा दोघांना होते. माझे वडील, नाना, एकेक अक्षर बोटाने शोधून टंकतात. पलीकडच्या खोलीत बसून त्यांनी हे विचारले होते, आणि अलीकडच्या खोलीत बसून मी देशाच्या मनाचा नकाशा पाहत होतो. मला माझीच लाज वाटली.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. म्हणालो, “नाना, यंदा आपण तळण नाही करायचे. आत्या फराळ पाठवणार आहे.”

“ते कळते रे मला,” ते म्हणाले. “पण तिची चकली कशी लागायची ते ठाऊक आहे, करायची कशी ते नाही. विसरायच्या आत लिहून ठेवावे म्हटले.”

“मग आम्हाला का नाही विचारलेत?”

“तू कामात असतोस. आणि तिचे नाव काढले की सूनबाईच्या डोळ्यांत पाणी येते. सणासुदीचे कशाला?”

सौ. दारातच उभी होती. ती काही न बोलता आत गेली आणि धन्यांचा डबा घेऊन आली.

मी विचारले, “नाना, आईची मूठ केवढी होती हो?”

नानांनी डब्यात हात घालून मूठ भरली. तिच्याकडे थोडा वेळ पाहिले. मग बोटे सैल करून थोडे धने परत डब्यात सोडले. पुन्हा पाहिले, आणखी थोडे सोडले. म्हणाले, “एवढी.”

सौ.ने ते धने काट्यावर घातले. 18 ग्रॅम भरले. वहीत आईच्या अक्षराशेजारी तिने तो आकडा लिहिला, आणि नानांना विचारले, “आता तांदूळ सांगा. त्या किती भाजायच्या?”