मुलग्यांना कोण सांगणार?

गेल्या शनिवारी बारामतीहून इंदापूरला बाईकवर चाललो होतो. मागे भाचा. वय वर्षं अकरा, इयत्ता सहावी, आणि दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची सवय. काटेवाडी गेली, भवानीनगरचा कारखाना गेला, आणि मग एका भिंतीवरची जाहिरात त्याने खणखणीत आवाजात वाचली. स्वप्नदोष, धातू जाणे, कमजोरी, खात्रीशीर इलाज.

"मामा, स्वप्नदोष म्हणजे काय?"

आठवडाभर क्लायंटच्या वाट्टेल त्या प्रश्नांना उत्तरं देणारा मी "मोठा झालास की कळेल" म्हणालो. आणि निमगाव केतकीपर्यंत गप्प बसलो. (तो नाही, मीच. तो पुढच्या पाट्या वाचत होता.)

मोठा झाल्यावर मला कसं कळलं होतं? आठवीत होस्टेलवर असताना एका रात्री चड्डी ओली झाली आणि मला वाटलं, आपल्याला काहीतरी भयंकर झालंय. त्या भयंकराचं नाव मला एसटी स्टँडच्या मुतारीतल्या अशाच जाहिरातीने सांगितलं. वर रूममेटने ज्ञान दिलं की एक थेंब वीर्य म्हणजे शंभर थेंब रक्त. मी गणितात बरा होतो, त्यामुळे हिशोब करून जास्तच घाबरलो. क्रिकेट बंद केलं, शक्ती वाचवायला. अकरावीत नेटवर नीट वाचेपर्यंत, म्हणजे जवळपास तीन वर्षं, मी स्वतःला आजारी समजत होतो. घरात दोन शिकलेली माणसं असून!

आता शब्दच बघा ना. वयात येणाऱ्या मुलाला झोपेत वीर्यस्खलन होणं हे आवाज फुटण्याइतकंच साधं आहे, आणि आपण त्याला नाव काय दिलं, तर दोष. मुलीच्या पाळीला विटाळ. लहान मुलांनी विचारलं तर 'आईला कावळा शिवला'. वीर्य जातंय या भीतीने खंगणारे इतके तरुण डॉक्टरांकडे येत की १९६० साली डॉ. एन. एन. विग या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला 'धात सिंड्रोम' असं नावच दिलं. म्हणजे आजार त्या भीतीचा, वीर्याचा नाही.

दुसरा होस्टेलचा प्रसाद म्हणजे गजकर्ण. जांघेत खाज सुटली, सांगायचं कुणाला? मेडिकलमधून एक ट्यूब आणली, ती अख्ख्या खोलीने वापरली. दोन दिवस बरं वाटायचं, मग दुप्पट पसरायचं. नंतर कळलं की त्या मलमात स्टेरॉइड होतं. त्याने खाज दबते आणि बुरशी मजेत वाढते. रोज धुवा, कोरडं करा, चड्डी उन्हात वाळवा, दुसऱ्याचा टॉवेल वापरू नका आणि तरी झालं तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. हे पाच मिनिटांचं सांगणं कुणीच सांगितलं नव्हतं.

रात्री ताईला फोन करून विचारलं, तर म्हणाली, "अरे, मुलांना काय सांगायचं? त्यांना आपोआप कळतं."

भाचीला मात्र तिने पाळी यायच्या आधी सगळं सांगितलं होतं. अनेक घरांत मुलींनाही अर्धंच सांगतात. पॅड कसं घ्यायचं आणि देवघरात कधी जायचं नाही, संपलं. पण मुलग्यांच्या वाट्याला ते अर्धंही येत नाही.

बरं, मराठीत हे कुणी सांगितलंच नाही असंही नाही. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. वाचकांच्या हस्तमैथुनासारख्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. वकील कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. भिंती रंगवणाऱ्यांना कधी दंड झालेला मी तरी पाहिला नाही. २००७ मध्ये शाळेतल्या लैंगिक शिक्षणावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्य सरकारने ते थांबवलं. मी तेव्हा चौथीत होतो, म्हणजे ते मिळण्याच्या रांगेतच! पुढे आमच्या सरांनी पुनरुत्पादनाचा धडा "घरी वाचा" म्हणून सोडून दिला. आताच्या दहावीच्या विज्ञानात प्रजनन संस्था आणि मासिक पाळीचं चक्र आहे, चांगलं आहे. पण दहावी म्हणजे पंधरावं वर्ष. बदल सुरू होतात नऊ ते चौदाच्या दरम्यान. रिलीज झाल्यावर चार वर्षांनी मॅन्युअल द्यायचं, असला हा प्रकार.

आणि हे फक्त मुलाच्या स्वतःच्या शरीरापुरतं नाही. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. फडात बाईला ना संडास ना न्हाणी, आणि पाळीत एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. कारणं बरीच आहेत, गरिबी आणि उचल ही मोठी. पण खाडा लिहिणारा मुकादम पुरुष असतो, कारखान्याचा साहेबही बहुतेक पुरुषच. त्यांनाही सहावीत कुणी काही सांगितलं नसणार.

तुम्ही म्हणाल, आता मोबाइल आहे, पोरांना सगळं माहीत असतं. मोबाइलवर आधी काय सापडतं ते तुम्हालाही माहीत आहे. त्यात गजकर्णाचा विषय निघत नाही.

रविवारी सकाळी बाईक धुताना भाच्याला सांगून टाकलं. पहिली दोन मिनिटं माझेच कान गरम झाले होते. झोपेत पांढरं चिकट काहीतरी येईल, तो आजार नाही, चड्डी बदलायची आणि झोपायचं. आवाज बदलेल, केस येतील, कुणाला आधी, कुणाला नंतर. आंघोळीत पुढची कातडी सहज जाईल तेवढीच मागे घेऊन पाण्याने धुवायचं, जोर करायचा नाही. ताईडीला दर महिन्याला काय होतं तेही सांगितलं.

"मग भिंतीवर दोष का लिहिलंय?"

"त्याला औषध विकायचंय."

तो चाकावर पाणी मारत बराच वेळ विचार करत होता. मग म्हणाला, "पप्पांना पण झालं होतं?"

म्हटलं, पप्पांनाच विचार. त्याने खरंच विचारलं, जेवायच्या ताटावर. दाजी अजून माझा फोन उचलत नाहीयेत.