वीरचक्रानंतरचे आवटी

व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्याबद्दल बोलताना सुरुवात १९७१च्या युद्धापासून होते आणि बहुधा वीरचक्रापाशी संपते. ते वीरचक्र कष्टाने कमावलेलं होतं. ‘कामोर्टा’चे कप्तान म्हणून ते बंगालच्या उपसागरात विमानवाहू ‘विक्रांत’बरोबर होते. विक्रांतच्या बॉयलरला तडा गेल्याने तिचा वेग घटलेला. तिला पाणबुड्यांपासून जपायचं आणि पूर्व पाकिस्तानच्या बंदरांची नाकेबंदीही करायची, असं ते दुहेरी काम. विक्रांतच्या मागावर आलेली पाकिस्तानी ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली, एवढ्यावरून धोका किती खरा होता ते कळतं. तरीही आवटींचं सर्वांत मोठं काम शांततेच्या काळातलं, तेही निवृत्तीनंतरचं आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि जिथे युद्धनौका बांधल्या जातात, त्या मुंबईच्या माझगावने ते काम अजून आपलं मानलेलं नाही.

१९८३ साली ते पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. त्याच वर्षी डिसेंबरात माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘गोदावरी’ नौदलात दाखल झाली. देश युद्धनौका बांधायला शिकला होता, पण दर्यावर्दी घडवण्याचं काय, हा प्रश्न आवटींनी सोडला नाही. भारतात बांधलेल्या शिडाच्या होडीतून एका भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांनी वर्षानुवर्षं धरला. अखेर नौदलाने तो उचलला. रत्नाकर दांडेकरांनी गोव्यात दिवाडी बेटावर ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली. तिच्यातून दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि वाटेत चार मुक्काम करून मे २०१०मध्ये परतले. २०१३मध्ये अभिलाष टॉमींनी कुठेही न थांबता फेरी पुरी केली, आणि २०१७-१८मध्ये सहा महिला अधिकारी ‘तारिणी’वरून जग फिरून आल्या. आवटींनी हे सगळं पाहिलं आणि २०१८मध्ये ते गेले.

क्षेपणास्त्रांच्या जमान्यात शिडाचं कौतुक कशाला, असं कुणी म्हणेल. याचं उत्तर मुंबईच्याच इतिहासात आहे. जगात प्रथमच एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, १९६९ साली. त्यांची ३२ फुटी सागवानी ‘सुहेली’ मुंबईत, इथल्याच कारागिरांच्या हातून तयार झाली होती. होडी आपली, हात आपले, सुकाणू मात्र परक्याच्या हाती. भारतीय नाविक त्या वाटेवर यायला पुढे चाळीस वर्षं गेली, आणि दोंदे शिकले तेही नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडेच. तेव्हा उणीव कारागिरीची कधीच नव्हती. वारा कुठून फिरतोय हे गालाला कळणं, भर वादळात शीड आखडतं घेणं, मदतीला कुणी नसताना मोडलेलं स्वतः दुरुस्त करणं हे जहाज विकत घेऊन येत नाही, आणि युद्धनौकेवरही शेवटी असंच माणूस लागतं.

दर्यावर्दी घडवणं माझगावला नवं नाही. १९२७पासून ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज इथल्याच धक्क्यासमोर नांगरलेलं असे. पहिले भारतीय नौदलप्रमुख रामदास कटारी तिथेच शिकले. आज इथे पाणबुड्या आणि विनाशिका बांधल्या जातात, पण डॉकयार्ड रोडच्या शाळकरी मुलाच्या वाट्याला समुद्र येतो तो भिंतीपलीकडचा. नौकानयन हा श्रीमंतांचा छंद आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. क्लबांच्या वर्गणीने तो तसा झाला आहे, म्हणूनच तो सार्वजनिक व्हायला हवा. सुरक्षेची अडचण अधिक खरी आहे. शेजारी नौदलाची गोदी आहे आणि २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री हल्लेखोर समुद्रातूनच आले होते. पण भाऊच्या धक्क्यावरून मोरा-रेवसच्या लाँच याच पाण्यातून प्रवासी नेतात, त्या ठरलेल्या वाटेने आणि ठरलेल्या वेळी. तशीच हद्द आखून महापालिका शाळांतल्या मुलांना शिडाच्या छोट्या होड्यांवर शिकवता येईल. त्यासाठी निवृत्त नौसैनिकांची मदत घ्यावी आणि मुंबईच्या पूर्व किनाऱ्याच्या पुनर्विकासात माझगावला एक धक्का मुलांसाठी राखून ठेवावा. आवटींचं नाव द्यायचं तर त्या धक्क्याला द्यावं.