फॉरमॅट मारण्याआधी

टेंभुर्णीपासून केत्तूर-जिंतीपर्यंत उजनी धरणाच्या काठावर ज्या घरांत दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप अजून चालतो, त्या घरांतून एकच तक्रार सारखी ऐकू येते. बटण दाबलं की ट्रे बाहेर येतो, दिवा लुकलुकतो, पण ‘माय कॉम्प्युटर’ उघडलं तर सी आणि डी एवढंच. डीव्हीडीचा ड्राइव्ह गायब. दुकानात नेला की उत्तर ठरलेलं असतं, ‘फॉरमॅट मारावा लागंल.’ माझं म्हणणं सरळ आहे. लगेच मारू देऊ नका.

धरण मायनसमध्ये गेलं म्हणजे कोरडं पडलं, असं आपल्याकडं कोणी समजत नाही. ११७ टीएमसीच्या उजनीत ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठाच आहे. २०२४ च्या जूनमध्ये पातळी वजा साठ टक्क्यांच्या आसपास उतरली, तेव्हाही तळात तीस टीएमसीच्या वर पाणी होतं. ड्राइव्हचंही पुष्कळदा तसंच असतं. तो जागेवर असतो, फक्त विंडोज त्याला हिशेबात धरत नाही.

म्हणून आधी दोष कुठं आहे ते बघायचं. ट्रे बाहेर येत असेल तर ड्राइव्हला वीज मिळतेय. येत नसेल तर कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा आणि बाजूचं पत्र्याचं झाकण खोला. बहुतेक मशीनमध्ये साटाची बारीक केबल असते. लॉक नसलेली असेल तर टेबल सरकवताना बसलेल्या हिसक्यानंही ती सैल होते. त्याहून जुन्या मशीनमध्ये ४० पिनांची रुंद पट्टी असते आणि ड्राइव्हच्या मागं मास्टर-स्लेव्हचा जम्पर. केबल उंदरानं कुरतडलेली नाही ना, तेही बघा. दोन्ही टोकं काढून पुन्हा घट्ट बसवा, धूळ झटका. मग मशीन चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. (कुठलं बटण, ते सुरुवातीच्या स्क्रीनवर बहुधा लिहिलेलं असतं.) बायोसच्या यादीत ड्राइव्हचं नाव असेल तर ड्राइव्ह, केबल आणि मदरबोर्ड यांचं जुळलेलं आहे, दोष विंडोजमध्ये आहे. नाव नसेल तर दोष यंत्रात आहे, आणि तिथं दहा वेळा फॉरमॅट मारला तरी काडीचा उपयोग नाही.

आता विंडोजकडे वळू. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावावर पिवळी खूण दिसते आणि त्यावर दोनदा क्लिक केलं की एक कोड नंबर येतो. १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ यांपैकी काही असेल तर रोग ओळखीचा आहे. पहिला उपाय साधा. ड्राइव्हच्या नावावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा आणि मशीन रीस्टार्ट करा. विंडोज त्याला नव्यानं शोधतं. एवढ्यानं भागलं तर उत्तम.

नाही भागलं, तर खरं कारण रजिस्ट्रीत असण्याची शक्यता मोठी. सीडी राइट करायची किंवा गाणी भरायची काही सॉफ्टवेअर ड्राइव्हच्या ड्रायव्हरच्या वर आणि खाली आपले छोटे प्रोग्रॅम बसवतात. त्यांची नावं ‘अप्परफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या दोन नोंदींत लिहिलेली असतात. सॉफ्टवेअर अर्धवट निघालं, किंवा नवं विंडोज जुन्यावर चढवलं, की प्रोग्रॅम जातो आणि नाव मागं राहतं. विंडोज त्या नावाचा प्रोग्रॅम शोधतं, तो सापडत नाही, मग ड्राइव्हच चालू करत नाही. शिवाय ही नोंद एका ड्राइव्हपुरती नसून सीडी-डीव्हीडीच्या सगळ्या ड्राइव्हना मिळून एकच असते. त्यामुळं बाजारातून यूएसबीचा नवाकोरा ड्राइव्ह आणून लावला तरी तोही दिसत नाही. पैसे गेले आणि तक्रार तिथंच.

उपाय पाच मिनिटांचा आहे, पण हात सांभाळून करायचा. रेजएडिट उघडून करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास असं आत जायचं. तिथं ज्या फोल्डरच्या नावाची सुरुवात ४डी३६ई९६५ अशी आहे, तेवढाच सीडी-डीव्हीडीचा. (स्क्रीनवर हे रोमन अक्षरांत दिसेल.) आधी फाइल मेनूतून एक्स्पोर्ट करून त्याची प्रत ठेवा. मग उजव्या बाजूच्या त्या दोन नोंदी डिलीट करा आणि रीस्टार्ट करा. पूर्ण फोल्डर कधीही उडवायचा नाही. या सुरुवातीच्या भागातला शेवटचा आकडा तर तीनदा वाचा, कारण त्याच रांगेत हा भाग ९६७ वर संपणारा फोल्डर हार्ड डिस्कचा आहे, ९६बी कीबोर्डचा आणि ९६एफ माऊसचा. तिथल्या नोंदी काढल्या तर कीबोर्ड-माऊस बंद पडतात, आणि हार्ड डिस्कच्या बाबतीत विंडोज सुरूच होत नाही. ज्याला ही खात्री नाही त्यानं हे स्वतः करू नये, करणाऱ्याच्या शेजारी बसावं.

दुकानदाराला मी दोष देत नाही. दोष शोधायला अर्धा तास घातला आणि पाच मिनिटांत काम झालं, तर त्या अर्ध्या तासाचे पैसे आपण देत नाही. ‘नुसतं बघितलं तर त्याचे कसले पैसे?’ असं विचारतो. फॉरमॅटचे मात्र मुकाट देतो. मग त्यानं फॉरमॅटच का सांगू नये? तपासणीचे पैसे ठरवून द्या आणि ‘फॉरमॅट नको, आधी ड्राइव्हच्या फिल्टरच्या नोंदी बघा’ असं स्पष्ट सांगा. सी ड्राइव्हवर, डेस्कटॉपवर आणि माय डॉक्युमेंट्समध्ये पोरांचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, केळीच्या बागेचे हिशेब पडलेले असतात. घाईत मारलेल्या फॉरमॅटमध्ये ते जातात.

एवढा आग्रह का, तेही सांगतो. हा ड्राइव्ह आज गाण्यांसाठी कुणाला लागत नाही. लागतो तो कपाटातल्या सीड्यांसाठी. मोबाइल हातात येण्याआधीची लग्नं, बारशी, शाळेचं गॅदरिंग, यात्रा, सगळं व्हीसीडीवर नाहीतर डीव्हीडीवर आहे. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि भीमेकाठची जुनी गावठाणं पाण्याखाली गेली. त्या घरांचे फोटो आधीच कमी. पाणी खूप खाली गेल्यावर पळसदेवचं देऊळ उघडं पडतं, जुनी जोती दिसतात. अशा उन्हाळ्यात एखाद्या आज्यानं तिथं उभं राहून ‘इथं आपला वाडा होता’ असं सांगितलेलं कुणी शूट करून सीडीवर ठेवलं असेल, तर त्याची दुसरी प्रत कुठंही मिळणार नाही.

आणि घरी राइट केलेली सीडी टिकाऊ नसते. तिच्यातला रंगाचा थर उन्हानं आणि उष्णतेनं खराब होतो, आणि सोलापूरचा मे महिना आपल्याला माहीत आहे. तिची नाजूक बाजू वरची असते, लेबलाची. चकचकीत थर तिथं लॅकरच्या पातळ लेपाखाली असतो. बॉलपेननं दाबून नाव लिहिलं की तो दुखावतो.

ड्राइव्ह परत दिसायला लागला की त्याच दिवशी कॉपी करून घ्या. व्हीसीडीत एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमधली डॅट फाइल हार्ड डिस्कवर घ्या, ती व्हीएलसीमध्ये चालते. लग्नाच्या डीव्हीडीतून व्हिडिओ_टीएस हा फोल्डर पूर्ण उचला. एक डीव्हीडी साडेचार जीबीच्या आसपास भरते, म्हणजे ६४ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर डझनभर लग्नं सहज मावतात. एक प्रत घरात ठेवा, दुसरी पुण्या-मुंबईला असलेल्या भावाकडं किंवा लेकीकडं पाठवा. आणि ड्राइव्ह मशीनमध्ये दिसतोय पण सीडी वाचत नाही, असं असेल तर सीडी मऊ कापडानं मधून बाहेर सरळ पुसा, गोल नाही. तरीही नाही वाचली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. एका ड्राइव्हनं नाकारलेली सीडी पुष्कळदा दुसरा वाचतो, तेव्हा गावातल्या दोन-तीन मशीनवर बघितल्याशिवाय एकही सीडी फेकू नका.