मुखपट्टी टिकते ती सोयीमुळे

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्रातील मुखपट्टीची सक्ती संपली. दोन वर्षे ज्या वस्तूवाचून घराचा उंबरठा ओलांडता येत नव्हता, ती वस्तू पाहता पाहता दिसेनाशी झाली. कोणी ती कचऱ्यात टाकली, कोणाच्या घरी ती फडताळाच्या कोपऱ्यात चुरगळून पडली. एका मोठ्या संकटातून बाहेर पडल्याचा तो सुटकेचा निःश्वास होता आणि तो स्वाभाविकच होता. परंतु संकट सरले म्हणून त्यातून शिकलेली विद्याही टाकून द्यावी काय, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

या विचाराला माझ्या घरातील एक प्रसंग निमित्त झाला. २०२० साली आमच्या आईचे वय अठ्ठ्याहत्तर होते. तिला ऐकू कमी येते म्हणून ती कानामागे यंत्र लावते. बाजारातून आणलेल्या मुखपट्टीचे इलास्टिक त्याच कानामागे अडकवावे लागे. मुखपट्टी काढताना यंत्रही ओढले जाई आणि एकदा तर ते गॅलरीतून खाली पडता पडता वाचले. चष्म्यावर वाफ धरे ती वेगळीच. चार दिवसांनी आईने मुखपट्टी लावणेच सोडून दिले. आम्ही सर्वांनी तिला उपदेश केला. वयाची, आजाराची, आकडेवारीची भीती घातली. उपयोग शून्य. शेवटी वहिनीने आईच्याच एका जुन्या सुती साडीचा तुकडा घेतला, आतून मलमलीचे अस्तर लावले, इलास्टिकऐवजी डोक्यामागे बांधायच्या नाड्या शिवल्या आणि म्हणाली, “आई, ही जरा बांधून बघा.” आईने बांधली, आरशात पाहिले आणि एवढेच म्हणाली, “अगं, ही चालेल.” त्यानंतर तिला एकदाही सांगावे लागले नाही.

आम्ही ज्याला हट्ट समजत होतो, ती केवळ गैरसोय होती.

शिस्तीचा प्रश्न की शिवणीचा?

त्या काळात लोकांच्या बेशिस्तीवर पुष्कळ बोलले गेले, लिहिले गेले. हनुवटीवर उतरलेली मुखपट्टी हे जणू आपल्या सामाजिक बेफिकिरीचे प्रतीकच ठरले. त्यात तथ्य नव्हते असे नाही. तथापि नाक दाबणारी, कान ओढणारी, बोलताना खाली घसरणारी आणि अर्ध्या तासात ओली होणारी पट्टी आठ तास तोंडावर ठेवा, असे दुकानदाराला, वाहकाला किंवा शिक्षिकेला सांगणे म्हणजे त्यांच्या सोशिकपणाची परीक्षा पाहणे होते. शिस्त ही सवयीने अंगी बाणते आणि सवय तीच लागते, जी शरीराला सोसवते.

याला इतिहासाचाही आधार आहे. १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगने सुमारे साठ हजार बळी घेतले. तेथे पेनांगमध्ये जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये शिकलेले डॉ. वू लिएन-ते यांनी जाळीच्या कापडाच्या थरांमध्ये कापूस घातलेली मुखपट्टी वापरण्याचा आग्रह धरला. तिला लांब पट्ट्या होत्या व त्या डोक्याभोवती नीट बांधता येत. हा रोग श्वासावाटे पसरतो हे मत न पटलेले एक अनुभवी फ्रेंच डॉक्टर मुखपट्टीवाचून रुग्णांना तपासू लागले आणि काही दिवसांतच त्याच रोगाने मृत्युमुखी पडले. साधे कापड, साधा कापूस. परंतु ते चेहऱ्याला लागून बसत होते.

याउलट उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे. १९१८ च्या इन्फ्लूएन्झाच्या साथीत त्या शहराने मुखपट्टीची सक्ती केली आणि १९१९ च्या आरंभी तेथे मुखपट्टीविरोधी संघटनाच उभी राहिली. पुढे १९२० मध्ये कॅलिफोर्नियातील आरोग्य खात्याच्या संशोधकांनी जाळीच्या कापडाची परीक्षा केली, तेव्हा मर्म उघड झाले. एक-दोन थरांचे विरळ कापड काहीच अडवत नव्हते. थर वाढवले की श्वास घेणे जड जाई आणि हवा कापडातून न येता कडेच्या फटींतून आत शिरे. कायदा कडक होता, कापड मात्र चुकीचे होते.

आपल्याकडे फार मागे जावयास नको. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला आणि औषधांच्या दुकानांपुढे मुखपट्टीसाठी रांगा लागल्या. एका दिवसात माल संपला, किमती भडकल्या. मग अनेकांनी रुमाल बांधले. दुचाकीवरून जाणाऱ्या पुण्याच्या मुलींना मात्र काही नवे शिकावे लागले नाही, कारण चेहऱ्याभोवती स्कार्फ घट्ट गुंडाळण्याची त्यांची सवय त्याआधीचीच होती. तो स्कार्फ रोगजंतूंसाठी पुरेसा होता असे मी म्हणत नाही. मात्र ऊन व धूळ चुकवण्यासाठी त्या तो आपणहून बांधत होत्या, कोणाच्या आज्ञेने नव्हे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

कापडाची मर्यादा

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कापडी मुखपट्टी म्हणजे कवच नव्हे. बांगलादेशातील सुमारे सहाशे खेड्यांत, तीन लाखांहून अधिक प्रौढांचा समावेश असलेला एक मोठा प्रयोग २०२०-२१ मध्ये झाला. मुखपट्ट्या फुकट वाटल्या, त्यांचे महत्त्व समजावून सांगितले आणि गावातील मान्यवरांनी स्वतः त्या लावल्या, तेव्हा वापर तेरा टक्क्यांवरून बेचाळीस टक्क्यांवर गेला. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरतात तशा मुखपट्ट्या जेथे वाटल्या, तेथे लक्षणांसह होणारी लागण काही प्रमाणात घटलेली दिसली. कापडी मुखपट्टीबाबत तसा निःसंदिग्ध निष्कर्ष काढता आला नाही.

व्हिएतनाममधील हनोईच्या चौदा रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांचा अनुभवही असाच बोलका आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कापडी मुखपट्टी वापरणाऱ्यांना श्वसनाचे आजार अधिक झाले. पुढे त्याच माहितीची पुन्हा छाननी झाली, तेव्हा ज्यांच्या मुखपट्ट्या रुग्णालयाच्या धुलाईगृहात धुतल्या जात होत्या, त्यांचे संरक्षण वैद्यकीय मुखपट्टी वापरणाऱ्यांइतकेच झाल्याचे आढळले. स्वतः हाताने धुणाऱ्यांना मात्र धोका अधिक होता. म्हणजे प्रश्न कापडाइतकाच धुण्याचाही होता.

म्हणून रुग्णालयात, क्षयरुग्णाच्या शुश्रूषेत किंवा अतिसूक्ष्म धूर-धुळीत काम करताना एन-९५ सारखी प्रमाणित मुखपट्टीच हवी; तेथे घरच्या शिवणीचा अभिमान बाळगू नये. परंतु घरात कोणी खोकत असता इतरांवर तुषार उडू नयेत म्हणून, गर्दीच्या बसमध्ये, माळ्यावरची जळमटे काढताना, धान्याची मळणी किंवा उफणणी करताना, मिरची कांडताना कापडी मुखपट्टी निश्चित उपयोगाची आहे. तिच्याकडून जेवढे होते तेवढेच मागावे, पण तेवढे तरी नीट करून घ्यावे.

चांगली मुखपट्टी कशी असावी?

पहिली गोष्ट कापडाची. घट्ट विणीचे पण मऊ सुती कापड सर्वोत्तम. कापड उजेडासमोर धरावे. धाग्यांमधली भोके सहज दिसली, तर ते बाजूला ठेवावे. पॉपलीन किंवा न विरलेली सुती साडी बाहेरच्या बाजूला आणि मऊ, तलम सुती कापड आतल्या बाजूला घ्यावे. मांजरपाट स्वस्त असला तरी गालाला टोचतो आणि श्वासही जड करतो. नव्या कापडातील खळ निघून जावी व ते आटायचे तेवढे आटावे, यासाठी बेतण्यापूर्वी ते गरम पाण्यात धुवावे. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये तीन थरांची शिफारस केली होती : आत घाम शोषणारे सुती कापड, मध्ये गाळणीचे काम करणारा थर आणि बाहेर पाणी न धरणारे कापड. घरी हे नेमके जमले नाही, तरी दोन थरांपेक्षा कमी नसावे, आणि तिसरा घालावयाचा तो श्वास सहज घेता येईल असाच.

दुसरी गोष्ट बेतण्याची. प्रौढ माणसासाठी नऊ इंच लांब व सात इंच रुंद असे तुकडे कापावेत. सुलट बाजू आत ठेवून तिन्ही बाजूंनी टीप मारावी, उलटून घ्यावे आणि अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या तीन आडव्या चुण्या घालाव्यात. या चुण्यांमुळेच मुखपट्टी हनुवटीखाली उघडते आणि बोलताना घसरत नाही. वरच्या काठात, नाकाच्या जागी, पातळ वाकणारी पट्टी किंवा तार दुमडीत शिवून टाकावी. नाकावर ती चेपली की चष्म्यावर वाफ धरणे बरेच कमी होते. शिकागो विद्यापीठ आणि आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की, कडेला फट राहिली तर चांगल्या कापडाचीही गाळण्याची क्षमता साठ टक्क्यांहून अधिक घटू शकते. तेव्हा महागड्या कापडापेक्षा हा वितभर काठ अधिक महत्त्वाचा, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

तिसरी गोष्ट बांधण्याची. ज्यांना थोडा वेळ लावायची आहे, त्यांना कानाचे इलास्टिक पुरते. दिवसभर लावणाऱ्यांसाठी, चष्मा किंवा कानाचे यंत्र वापरणाऱ्यांसाठी सुती नाड्याच बऱ्या : एक जोडी कानांच्या वरून डोक्यामागे, दुसरी मानेमागे. शिवून झाल्यावर ती लावून दोन जिने चढावेत आणि पाच मिनिटे मोठ्याने वाचावे. दम लागला, पट्टी घसरली किंवा हात सारखा नाकाकडे गेला, तर शिवण उसवून पुन्हा करावी. दोन वर्षांखालील बाळांना, श्वासाचा त्रास असणाऱ्यांना आणि स्वतःच्या हाताने ती काढू न शकणाऱ्यांना मात्र मुखपट्टी मुळीच बांधू नये.

चौथी गोष्ट धुण्याची. हनोईचा धडा विसरू नये. वापरलेली मुखपट्टी रोजच्या रोज साबण व गरम पाण्याने धुवावी, कडक उन्हात वाळवावी, शक्य तर इस्त्री करावी. ओली झाली की बदलावी. यासाठी प्रत्येकाच्या किमान चार तरी हव्यात, आणि एकाची दुसऱ्याने लावू नये. कापड विरले किंवा नाडी सैल झाली की तिला निरोप द्यावा.

शिकलेली विद्या टिकवावी

८ एप्रिल २०२० रोजी मुंबईत सार्वजनिक ठिकाणी मुखपट्टी अनिवार्य झाली, तेव्हा घरी शिवलेली, धुता येणारी मुखपट्टीही चालेल असे महापालिकेने सांगितले होते. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानेही घरगुती मुखपट्टीची पुस्तिका काढली. तीत शिलाई यंत्राविना ती कशी करावी हेही दाखवले होते. त्यानंतरच्या महिन्यांत काय घडले ते आपण सर्वांनी पाहिले. बचत गटांतील भगिनी, गल्लीतले शिंपी, कारागृहांतील बंदी, शिवणवर्गाला जाणाऱ्या मुली अशा असंख्य हातांनी मुखपट्ट्या शिवल्या. ज्यांचा रोजगार थांबला होता, अशा कित्येक घरांत त्या शिलाईने चूल पेटली.

पुढे बाजारात स्वस्त, एकदा वापरून फेकायच्या मुखपट्ट्यांचा पूर आला आणि ती यंत्रे शांत झाली. त्या फेकलेल्या पट्ट्या बव्हंशी पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच. त्या गटारांत आणि कचराकुंड्यांत किती साचल्या, हे सफाई करणाऱ्या बांधवांना विचारावे. जेथे वैद्यकीय मुखपट्टी आवश्यक आहे, तेथे हा कचरा अटळ आहे. परंतु घर झाडण्यासाठीही आपण तीच वापरून फेकू लागलो, तर तो केवळ आळस ठरेल.

साथी सांगून येत नाहीत. १८९६ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्लूएन्झा, २००९ चा स्वाइन फ्लू, २०२० चा करोना. प्रत्येक वेळी आपण आरंभीचे काही आठवडे धावपळीत, टंचाईत आणि काळ्या बाजारात घालवले. पुढच्या वेळी तेच आठवडे वाचवायचे असतील, तर फार मोठ्या योजनेची गरज नाही. येत्या सुटीच्या दिवशी घरातील एक जुनी सुती साडी किंवा सदरा काढावा. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत प्रत्येकाच्या चेहऱ्याचे माप घ्यावे. घरातील मुला-मुलींना, मुलांनाही, टीप मारावयास शिकवावे. शिवणे जमत नसेल तर कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे किंवा ओळखीच्या बचत गटाकडे माप द्यावे; दोन पैसे त्यांच्याही पदरी पडतील. तयार मुखपट्ट्या धुऊन, इस्त्री करून, प्रत्येकाच्या नावाने स्वच्छ पिशवीत ठेवाव्यात आणि सर्दी-खोकला झालेल्या माणसाने घरातल्या घरात ती आपणहून लावावी, असा शिरस्ता पाडावा.

आमच्या आईची ती नाड्यांची मुखपट्टी अजून तिच्या कपाटात आहे. घरात कोणी शिंकले की ती स्वतः उठते, कपाट उघडते आणि ती बांधते. तिला सक्ती संपल्याची वार्ता माहीत आहे. पण सक्ती असतानाही ती सक्तीमुळे बांधत नव्हतीच.